कंकराची साक्ष

काळ्या जमिनीची खोल नांगरट झाली, किंवा विहिरीचे काम दोन-तीन परस खाली गेले, की मातीबरोबर पांढुरके, ओबडधोबड खडे वर येतात. काही सुपारीएवढे, काही बटाट्याएवढे. शेतकरी त्यांना चुनखडे म्हणतो आणि वेचून बांधावर टाकतो. भूशास्त्रात त्यांना ‘कंकर’ असे नाव आहे. हा आपल्याकडचा शब्द इंग्रज भूशास्त्रज्ञांनी जसाच्या तसा उचलला आणि तो त्यांच्या ग्रंथांत रूढ झाला. सिमेंट येण्यापूर्वी हेच खडे भट्टीत भाजून, घाणीत मळून, त्यांचा चुना वाडे, पूल आणि धरणे यांच्या बांधकामात वापरीत.

भूगोल हा माझा विषय. कला शाखेच्या वार्षिकात रसायनशास्त्राचे काय काम, असे कुणास वाटेल. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला जसा ताम्रपट, तसा प्राचीन भूगोल शोधणाऱ्याला हा खडा आहे. तो ज्या मातीत घडला तिच्यावर कोणती वनस्पती उगवत होती, पाऊस कसा होता, इतकेच काय पण त्या काळच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड किती होता, हे त्याच्या रासायनिक घडणीवरून काढण्याचा प्रयत्न गेली चाळीस वर्षे चालू आहे. मात्र ताम्रपट वाचण्यापूर्वी तो कोठे सापडला, अस्सल आहे की मागाहून कोरलेला, हे जसे पाहावे लागते, तसेच येथेही आहे. खड्याखाली कोणता खडक होता, जागा उंचवट्याची होती की सखल, आणि माती गाडली गेल्यावर तिच्यावर काय काय गुदरले, या तीन गोष्टी त्याच्या रसायनावर आपापली छाप सोडतात. ही छाप ओळखल्याखेरीज हवामानाविषयीची त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

कंकर कसा घडतो

पावसाचे पाणी मातीत मुरते. मुळांच्या श्वसनामुळे आणि पालापाचोळा कुजल्यामुळे मातीतील हवेत कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. तो वायू पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. हे आम्ल खडकातील खनिजे झिजवते आणि त्यांतील कॅल्शियम मोकळे करते. पावसाळा सरला, माती वाळू लागली, पाणी मुळांनी ओढून घेतले आणि वायू बाहेर निसटला, म्हणजे पाण्यात विरघळलेला चुना पुन्हा घनरूपात येतो. हा साका म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. खड्याची भुकटी करून तीवर लिंबू पिळले, तर बारीक बुडबुडे येतात. एके काळी मातीत अडकलेला कार्बन डाय-ऑक्साइडच तेथे मोकळा होत असतो.

वर्षानुवर्षे हा क्रम चालला की प्रथम मातीत पांढरे धागे दिसतात, मग गाठी बनतात, गाठी एकमेकींना भिडतात, आणि अखेर सलग कठीण थर तयार होतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटी जमिनींचा अभ्यास करून गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी १९६६ साली या वाढीच्या चार अवस्था सांगितल्या. अखेरच्या अवस्थेस पोहोचण्यास हजारो, प्रसंगी लाखो वर्षे लागतात.

हवामानाचा वाटा यात मोठा आहे, याला आपल्या घरचाच पुरावा आहे. कोकणात आणि देशावर खडक तोच, काळा बेसॉल्ट. परंतु कोकणातील धो धो पावसात कॅल्शियम धुऊन जाते आणि मागे उरतो लोहयुक्त जांभा. घाट ओलांडून पर्जन्यछायेत आले की कॅल्शियम मातीतच राहते आणि कंकर बनतो. एकाच खडकाच्या या दोन रूपांवरून वाटते, की कंकर म्हणजे निव्वळ हवामानाची नोंद. परंतु खड्याच्या अंतरंगात शिरले की चित्र इतके सरळ राहत नाही.

खड्यात काय लिहिलेले असते

कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन अशी तीन मूलद्रव्ये असतात. कार्बनचे दोन स्थिर समस्थानिक आहेत: हलका कार्बन-१२ आणि किंचित जड कार्बन-१३. जड कार्बनचे प्रमाण एका ठरावीक नमुन्याच्या तुलनेत दर हजारी किती अधिक वा उणे आहे, अशा रीतीने मोजमाप सांगतात.

झाडे, झुडपे, गहू, भात, हरभरा, कापूस या वनस्पती एका पद्धतीने अन्न बनवतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते दुसऱ्या पद्धतीने. पहिल्या गटातील वनस्पतींच्या शरीरात हे प्रमाण सुमारे उणे २७ भरते, दुसऱ्या गटात सुमारे उणे १३. वनस्पतीचा कार्बन मातीच्या हवेत येतो आणि तेथून खड्यात उतरतो. या प्रवासात तो सुमारे १४ ते १७ एककांनी जड होतो. म्हणून दाट झाडीखालचा कंकर साधारण उणे १२ ते उणे १० या दरम्यान येतो, तर ज्वारीच्या कुळातील गवताखालचा शून्याच्या आसपास किंवा थोडा वर.

या पद्धतीचे गाजलेले उदाहरण आहे पाकिस्तानातील पोटवार पठारावरचे. तेथे हिमालयातून वाहून आलेल्या गाळाचे, म्हणजे शिवालिक खडकांचे, प्रचंड जाडीचे थर आहेत आणि त्यांत प्राचीन मातींचे थर एकावर एक रचलेले आहेत. क्वेड, सर्लिंग आणि बोमन यांनी १९८९ साली या मातींतील कंकरांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात कार्बनचा आकडा उणे दहाच्या आसपासून शून्याकडे सरकला होता. झाडी मागे हटून तेथे विस्तीर्ण गवताळ प्रदेश आला होता. प्रथम याचा संबंध मोसमी पावसाशी जोडला गेला. पुढे १९९३ साली सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की जवळपास त्याच काळात जगात इतरत्रही असाच बदल झाला, आणि त्यांनी हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडच्या घटीकडे बोट दाखविले. एका पठारावरचा पुरावा तोच राहिला, पण दुसऱ्या ठिकाणांशी ताडून पाहिल्यावर त्याचा अर्थ बदलला. ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ऑक्सिजनचा आकडा पावसाच्या पाण्यावर ठरतो. पाऊस किती पडला, समुद्रापासून किती आत, किती उंचीवर, आणि जमिनीत मुरल्यानंतर त्याची वाफ किती झाली, या सर्वांचे मिश्रण एकाच आकड्यात उतरते. म्हणजे ‘जड ऑक्सिजन’ दिसला तर तो कमी पावसाचा पुरावा असेल, कमी उंचीचा असेल, किंवा केवळ तळ्याकाठी पाणी आटल्याचाही असेल. येथूनच जागेचा प्रश्न उभा राहतो.

पहिला प्रश्न: चुना आला कोठून?

कॅल्शियम खालच्या खडकातूनच आले असेल, असे आपण सहज गृहीत धरतो. दख्खनच्या बेसॉल्टात कॅल्शियमयुक्त खनिजे विपुल असल्याने आपल्याकडे ते बऱ्याच अंशी पटण्यासारखे आहे. परंतु ग्रॅनाइटसारख्या कॅल्शियम कमी असलेल्या खडकावरही जाड कंकर सापडतात. मग ते आले कोठून?

याचा माग काढण्यास स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य उपयोगी पडते. ते कॅल्शियमचे जवळचे भावंड. कॅल्शियम जाते तेथे थोडेसे तेही जाते. रुबिडियम या मूलद्रव्याचा एक प्रकार अतिशय मंद गतीने क्षय पावून स्ट्रॉन्शियम-८७ बनत असतो. जुन्या ग्रॅनाइटात रुबिडियम पुष्कळ, म्हणून त्यात स्ट्रॉन्शियम-८७ चे स्ट्रॉन्शियम-८६ शी असलेले गुणोत्तर चढे असते, पुष्कळदा ०.७२ च्याही वर. बेसॉल्टात ते बरेच कमी असते, आणि आजच्या समुद्राच्या पाण्यात ०.७०९२. कंकरातील गुणोत्तर मोजले, म्हणजे त्याच्या कॅल्शियमचे माहेर कळते. न्यू मेक्सिकोतील जमिनींवर कॅपो आणि चॅडविक यांनी १९९९ साली हीच कसोटी लावली, तेव्हा तेथील कॅल्शियमचा फार मोठा भाग खालच्या खडकातून आलेला नसून वाऱ्याने आणलेल्या धुळीतून व पावसातून आला असल्याचे दिसले. जमीन आपल्या खडकावर उभी असते, पण तिचे मीठ-भाकर वाऱ्यावरूनही येते, असे म्हणावयास हरकत नाही.

मूळ खडक चुनखडीचा वा संगमरवराचा असेल तर निराळीच अडचण येते. त्या खडकाचे न विरघळलेले बारीक कण मातीत राहतात आणि कंकराच्या पोटात अडकतात. त्यांतील कार्बन कोट्यवधी वर्षे जुना, बहुधा समुद्रातला आणि शून्याच्या आसपासचा. थोडे कण मिसळले तरी झाडीखालच्या कंकराचा आकडा वर सरकतो, आणि अजाण वाचणाऱ्याला तेथे गवत दिसू लागते!

दुसरा प्रश्न: उंचवटा की सखल जागा?

उंच, निचऱ्याच्या जमिनीत पाणी वरून खाली जाते आणि खड्याचा संबंध मुख्यतः मातीच्या हवेशी येतो. सखल जागी, नदीच्या पूरमैदानात, भूजल खालून वर येते. ते दूरवरून, निरनिराळ्या खडकांमधून वाट काढीत आलेले असते आणि त्याच्याबरोबर त्या खडकांचे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जुना कार्बनही येतो. अशा पाण्यातून बनलेला चुन्याचा थर दिसायला कंकरासारखाच; परंतु तो वरच्या वनस्पतीविषयी फारसे काही सांगत नाही. पाणथळ जागी प्राणवायू कमी असल्याने लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळून खड्यात शिरतात. मँगनीज शिरलेल्या कंकराच्या पातळ चकतीवर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकला तर ती नारिंगी प्रकाशाने उजळते. म्हणून हा प्रकाश भूजलाची किंवा नंतरच्या फेरफाराची खूण म्हणून वापरला जातो.

सखल जागेचा परिणाम केवळ प्रयोगशाळेत दिसतो असे नाही. वऱ्हाडातील पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा खारपाण पट्टा सर्वांना ठाऊक आहे. हे खोरे भूकवचातील भ्रंशांमुळे खचलेले, गाळाने भरलेले आणि निचऱ्यास मंद. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील डी. के. पाल व सहकाऱ्यांनी तेथील जमिनींचा तपास करून दाखविले, की त्यांत दोन प्रकारचे चुनखडे आहेत: गाळाबरोबर आलेले जुने, आणि त्याच मातीत नव्याने बनलेले. नवे चुनखडे बनताना पाण्यातील कॅल्शियम खर्ची पडते. साहजिकच सोडियमचे प्रमाण वाढते. सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरेनासे होते. पाऊस पडूनही पीक तहानलेले राहते. बांधावर फेकला जाणारा तो पांढरा खडा जमिनीच्या या बिघाडाचा साक्षीदार आहे आणि काही अंशी भागीदारही. कोणता चुनखडा वारशाचा आणि कोणता नवा, हा भेद करणे तेथे शेतकऱ्याच्या पोटाशी निगडित आहे.

लमेटा: समुद्र की माती?

दख्खनच्या लाव्हाखाली, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाने गाडला गेलेला, एक जुना भूप्रदेश आहे. त्याचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा, नागपूरचा परिसर, नर्मदेचे खोरे आणि गुजरात येथे तुटक तुटक दिसतात. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून या थरांना लमेटा असे नाव मिळाले. जबलपूर येथेच १८२८ साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनोसॉरची हाडे सापडली. आशियातील डायनोसॉरचा हा पहिला शोध. पुढे १९८० च्या दशकात गुजरातेतील खेडा जिल्ह्यातून याच थरांतून डायनोसॉरची अंडी उजेडात आली.

लमेटा थरांत चुनखडक भरपूर आहे. हा चुनखडक कोठला, यावर मोठा वाद झाला. हिरवट वालुकाश्म आणि चुनखडकातील बिळांसारख्या नळ्या पाहून काही अभ्यासकांनी तो उथळ समुद्राच्या किनाऱ्यावर साचला असे मानले. ब्रूकफील्ड आणि अशोक साहनी यांनी १९८७ साली, आणि त्यानंतर एस. के. टंडन व सहकाऱ्यांनी, या खडकाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. त्यांना त्यात मुळांच्या खुणा, वाळून आकसल्याच्या भेगा, गाठी आणि ठिपके दिसले. म्हणजे हा समुद्रतळ नसून निमशुष्क प्रदेशातील माती होती, आणि तिच्यात कंकर बनून बनून त्याचा दगड झाला होता. कार्बनच्या समस्थानिकांनीही मातीच्या बाजूने कौल दिला. समुद्री चुनखडकापेक्षा तो कार्बन स्पष्टपणे हलका निघाला.

हा निव्वळ तज्ज्ञांमधील वाद नव्हे. समुद्र मानला तर डायनोसॉरची अंडी भरतीच्या रेषेजवळ पडतात आणि मध्य भारताच्या नकाशावर एक आखात काढावे लागते. माती मानली तर तेथे नद्या, तळी, पूरमैदाने आणि कोरड्या ऋतूत भेगाळणारी जमीन येते. एका दगडाच्या वाचनावर अख्ख्या प्रदेशाचा भूगोल बदलतो.

लमेट्याच्या बाबतीत वर सांगितलेले दोन्ही प्रश्न उपस्थित होतात. लमेटा घाटापासून भेडाघाटचे संगमरवरी कडे फार दूर नाहीत. तेव्हा जुन्या कार्बोनेटचे कण मिसळण्याची शंका तेथे घ्यावीच लागते. शिवाय एकाच थरात काही भाग निचऱ्याच्या जमिनीचा, काही तळ्याकाठचा. सर्व नमुने एकाच पिशवीत भरून सरासरी काढली तर ती कोणत्याच जागेची राहत नाही.

तिसरा प्रश्न: गाडल्यानंतर काय झाले?

लमेट्याच्या मातीवर लाव्हाचे थरावर थर चढले. खोल गाडलेल्या खडकातून उष्ण पाणी फिरते, जुने स्फटिक विरघळतात, नवे वाढतात. पाण्यात ऑक्सिजन विपुल असल्याने खड्यातील ऑक्सिजनची अदलाबदल सहज होते. कार्बन त्या मानाने कमी असल्याने त्याची मूळ नोंद अधिक टिकते. म्हणजे एकाच खड्यात वनस्पतीची नोंद शाबूत आणि पावसाची नोंद पुसलेली, असे होऊ शकते. यासाठी संशोधक खडा अख्खा दळत नाहीत. त्याची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, बारीक कणांचा मूळ भाग हेरतात, आणि दंतवैद्याच्या सुईसारख्या गिरमिटाने तेवढीच चिमूटभर भुकटी काढतात. मोठाले चमकदार स्फटिक बहुधा मागाहून आलेले असतात, ते वगळतात.

हवेचा हिशेब

आता या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन सांगतो. मातीतील हवा हे दोन हवांचे मिश्रण असते: मुळांकडून आलेला हलका कार्बन डाय-ऑक्साइड आणि वरून शिरलेला वातावरणातील जड कार्बन डाय-ऑक्साइड. वातावरणात तो वायू जितका जास्त, तितका त्याचा मातीतील वाटा मोठा आणि तितका कंकर जड. सर्लिंग यांनी १९९१ साली या तत्त्वावर गणित मांडले. लमेट्याच्या कंकरांवरून अँड्र्यूज, टंडन आणि डेनिस यांनी १९९५ साली डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील हवेचा अंदाज काढला; ते प्रमाण आजच्यापेक्षा बरेच अधिक निघाले.

परंतु या गणितात एक आकडा गृहीत धरावा लागतो: खडा बनत असताना मुळांनी मातीत किती वायू सोडला होता. हा आकडा जमिनीच्या जातीप्रमाणे बदलतो. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत एक, वालुकामय माळावर दुसरा, दमट पूरमैदानात तिसरा. ब्रेकर, शार्प आणि मॅकफॅडन यांनी २०१० साली दाखविले, की कंकर प्रायः उष्ण आणि कोरड्या दिवसांत बनतो, आणि त्या वेळी मातीतील वायू वार्षिक सरासरीपेक्षा बराच कमी असतो. ही दुरुस्ती केली की जुने अंदाज साधारण निम्म्यावर येतात.

याचा अर्थ काय? औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे २८० भाग होता. २०२४ साली तो ४२० च्या वर गेला. प्राचीन उष्ण युगांत तो अनेक हजार भाग होता असे मानले, तर ती युगे आपल्यापासून फार दूरची वाटतात आणि मन निश्चिंत राहते. आकडे निम्म्यावर आले, तर ती युगे इसवी सन २१०० साठी वर्तविलेल्या हवेच्या निकट येतात. थोड्याच वायूने पृथ्वी किती तापली होती, याचे उत्तर त्या खड्यात आहे, आणि ते उत्तर खडा कोणत्या जागी घडला यावर अवलंबून आहे.

म्हणून मला वाटते, की या क्षेत्रात भूगोलाच्या विद्यार्थ्याला करण्याजोगे पुष्कळ आहे. समस्थानिक मोजण्याचे यंत्र आपल्या महाविद्यालयात नाही, आणि नसले तरी अडत नाही. खडा टेकाडावर सापडला की ओढ्याच्या काठी, किती खोलीवर, त्याच्याभोवती मुळांच्या खुणा आहेत काय, तो मातीत एकजीव आहे की कडा स्पष्ट असून बाहेरून आलेला दिसतो, खालचा खडक कोणता, विहिरीचे पाणी कोठे लागते, या नोंदी वही, कुदळ आणि मोजपट्टी घेऊनच करावयाच्या असतात. पुढे कितीही सूक्ष्म यंत्र आले, तरी या नोंदींवाचून त्याने दिलेला आकडा निराधारच राहील. आपापल्या गावच्या विहिरींच्या कडा पाहून अशा नोंदी करावयास कुणाची ना नाही. पुढच्या सहलीला आपल्या भूगोल मंडळाने हे काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे.